हत्तीबागेतली सोनकळी

मांडवकोट या जुन्या राजधानीत फिरायला येणारी मंडळी आधी राजवाडा बघतात, मग तळे बघतात आणि ऊन तापले की सावलीला म्हणून हत्तीबागेत शिरतात. बाग मोठी देखणी आहे. मधोमध काळ्या दगडाची एक हत्तीण बसलेली आहे, मान खाली घातलेली, सोंड जमिनीला टेकलेली. पोरे तिच्या पाठीवर चढायला धावतात आणि आया त्यांच्यावर ओरडतात. तेवढ्यात बागेचे म्हातारे राखणदार दत्तूनाना ओठांवर बोट ठेवून पुढे येतात. या बागेत मोठ्याने कोणी कोणाला काही फर्मावायचे नाही, अशी रीत आहे. ती का, हे नाना पाहुण्यांना बाकावर बसवून सांगतात.

ही सोनकळी, राज्याची मानाची हत्तीण. आज जिथे हिरवळ आहे तिथे तेव्हा हत्तींचा तळ होता, असे सांगतात. तिचा माहूत लखमोजी. हा माणूस अंकुश नुसता शोभेला बाळगायचा, कारण सोनकळी त्याच्या शब्दावर चालायची. तो 'घे' म्हणाल्याशिवाय ती उसाच्या कांड्याला सोंड लावत नसे. खुद्द राजाने केळी पुढे केली तरी आधी लखमोजीकडे बघे. दरबारी हसत आणि लखमोजीची छाती फुगे. "माझा सबुद म्हंजी तिचा देव," असे तो चारचौघांत सांगायचा. गर्वाचे घर खाली म्हणतात खरे, पण बढाई खोटी असती तर बरे झाले असते.

त्याचा एकुलता एक मुलगा शिदोजी. त्याला सोनकळीनेच वाढवले म्हणायला हरकत नाही. आई भिवाई वैरणीला निघाली की पोराला हत्तिणीच्या पायांशी निजवून जायची, आणि ही सोंडेने त्याच्यावरच्या माश्या वारत उभी राहायची.

पुढे शिदोजी मिसरूड फुटलेला गडी झाला. एका दसऱ्याला सीमोल्लंघन करून स्वारी परतली, तर अंबारीवरचा सोन्याचा कळस जागेवर नव्हता. अंबारी उतरवायला शिदोजीच वर चढला होता, म्हणून आळ त्याच्यावर आला. राजा हलक्या कानाचा. त्याने पोराला हत्तीच्या पायी द्यायचा हुकूम सोडला. पण त्या राज्यात एक रीत होती म्हणे. माहुताने हत्तीला तीनदा सांगायचे, आणि तिन्ही वेळा हत्तीने ऐकले नाही तर देवाने कौल दिला असे मानून माणसाला सोडून द्यायचे.

कारभाऱ्यालाही थोडे काळीज होते. दुसरा माहूत बोलावू का, असे त्याने विचारले. लखमोजी म्हणाला, "नगं. म्याच सांगतो."

भिवाईने घरी ऊर बडवून घेतला. तेव्हा त्याने तिला समजावले, "अगं, दुसरा अंकुस मारंल, रगात काढंल, मग ती पिसाळंल. म्या असलो म्हंजी तिला माजं मन कळंल. आपलं प्वार तिनं संबाळलंय. न्हाई ठिवायची ती पाय." भिवाईला ते पटले. कोणालाही पटले असते.

सकाळी सारे शहर तळावर लोटले. शिदोजीला बांधून जमिनीवर निजवले होते. लखमोजी सोनकळीच्या मानेवर बसला आणि म्हणाला, "पाय ठेव." आवाज कापत होता. सोनकळीने शिदोजीला हुंगले आणि ती नुसतीच उभी राहिली. लखमोजीने दुसऱ्यांदा सांगितले, तर तिने शिदोजीच्या गालावरची धूळ सोंडेने पुसली. लोकांनी देवाच्या नावाचा गजर केला. शिदोजी हसला, असे सांगतात.

मग कारभारी ओरडला, "हा हुकूम नव्हे, ही रडारड आहे! शेवटचा हुकूम खणखणीत दे, नाहीतर तिन्हींतला एकही धरायचा नाही."

लखमोजीला वाटले, आता कसली भीती? तिने पोराला ओळखले आहे. एकदा स्वच्छ आवाजात सांगून टाकू, म्हणजे पुन्हा कोणी पोरावर बोट ठेवायला नको. तो ताठ बसला आणि रोजच्या आवाजात म्हणाला, "सोनकळे, पाय ठेव."

कापऱ्या आवाजाला ती हुकूम समजतच नव्हती. तिला तसे शिकवले होते ते त्यानेच. हा आवाज मात्र तिच्या ओळखीचा होता. तिने पाय ठेवला.

मग तिने सोंड मागे नेऊन मानेवर बसलेल्या धन्याच्या हाताला लावली. काम झाले की शाबासकीसाठी ती रोज अशीच लावायची.

लखमोजी खाली उतरला तो मुका होऊन. कळस पुढे सापडला म्हणे. कुठे, ते कोणी धड सांगत नाही, आणि सापडून तरी काय करायचे होते?

सोनकळी पोराशेजारी बसली ती उठलीच नाही. पोराला उचलून नेले तरी ती तिथेच. पुढ्यात ऊस होता, हिरवा चारा होता, पण 'घे' म्हणणारा बोलत नव्हता. राजा स्वतः येऊन विनवून गेला. शेवटी भिवाई आली. जिचे पोर गेले तीच नवऱ्याचे पाय धरून म्हणाली, "अवो, मुक्या जितराबाचा काय गुन्हा? येक सबुद बोला की!" लखमोजी हत्तिणीपुढे बसून तोंड उघडायचा. त्याचे ओठ हलायचे आणि सोनकळी कान पुढे करून त्या ओठांकडे बघत राहायची. आवाज काही फुटायचा नाही. कोणी म्हणतात त्याची वाचा गेली होती. नाना म्हणतात, वाचा होती, पण त्या आवाजाने एकदा काय केले ते त्याने पाहिले होते. चाऱ्याच्या ढिगापुढे हत्तीण उपाशी मेली.

आजही बागेत येणारे लोक दगडी सोनकळीपुढे उसाचे कांडे ठेवतात, तिच्या कानाशी वाकतात आणि हळूच म्हणतात, "घे, बाई." माहूतगल्लीतली माणसेही येतात, पण ती ऊस ठेवून गप्प उभी राहतात. पाहुणे थोडा वेळ थांबतात, एकमेकांकडे बघतात आणि निघून जातात. ऊस तसाच वाळतो. ज्याच्या आवाजाची ती वाट बघते, तो त्यांच्यातल्या कोणाचाच नसतो.