गोड्या वाफ्याचं अळणी पान

ही हकीकत अक्षर न् अक्षर खरी आहे. खोटी निघाली तर मला या बांधावरून खाडीत ढकला. पोहता येत नाही मला. माझ्या आज्याने सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणजे, आजा तेव्हा जन्मला नव्हता. पण ज्याने पाहिलं, त्याला ओळखणारा एक जण त्याला बाजारात भेटला होता. आमच्याकडे एवढा पुरावा पुरतो.

तर पाव्हणे, चपला सांभाळून या. नांदखारच्या मिठागरात नजर जाईल तिकडे पांढरं, आणि मधोमध हा एकच हिरवट वाफा. भरतीचं पाणी याच्या चहूबाजूंनी फिरतं, पण यात मीठ धरत नाही. तो बेडूक बघा. मिठागरात बेडूक! याला गोडा वाफा म्हणतात.

असे सांगतात की पूर्वी हे आगर जिवाजीशेटचं होतं. शेटचा नियम असा, की मीठ पिकवणाऱ्याने मीठ घरी न्यायचं नाही. संध्याकाळी फाटकावरचा राखणदार पोसू बायांना पदर झाडायला लावी, पुरुषांची मुंडाशी सोडून बघी. टोपल्या वाहून टाळूचे केस गेलेली माणसं घरी जाऊन अळणी पेज पीत. सावलीला माडाच्या झावळ्यांचा एक झाप नाही. शेट म्हणे, "सावली दिसली की माणूस बसतो."

शेजारचं आगर बयोबाईचं. तीही मालकीणच, साधू नव्हे. भाव करताना व्यापाऱ्याला रडवायची. पण दुपारी ती मजुरांच्याच पंगतीला बसे आणि मिठाचं मडकं बांधावर उघडं ठेवी. त्यापायी तिचं आगर बुडालं नाही, हे शेटला रोज बांधापलीकडे दिसत होतं. दिसून उपयोग काय?

एका वैशाखात भर दुपारी कमळू नावाचा मजूर मीठ ओढता ओढता कोसळला. घामावाटे अंगातलं मीठ गेलं, की पोटऱ्या दगड होतात, माणूस धनुष्यासारखा वाकतो. चिमूटभर मीठ पाण्यातून पोटात गेलं तर तरतो. त्याची बायको ठकू छत्रीखाली बसलेल्या शेटपुढे धावली.

"शेट, चिमूटभर द्या ओ. मानूस वाकडा होत चाललाय!"

"आज चिमूट, उद्या टोपली."

"अवो, तो मिठातच पडलाय!"

"मग बाहेर काढ त्याला. माल मळतोय."

तिने सरळ उचललं का नाही, असं तुम्ही विचाराल. साहेब समोर बसलेला असताना तुम्ही ऑफिसात काय काय उचलता, ते आधी सांगा. अख्ख्या घराचं काम गेलं असतं.

ठकू बयोबाईकडे धावली, मीठ पदरात बांधून माघारी आली. फाटकावर पोसू गोंधळला. मीठ बाहेर नेणाऱ्याला अडवायचं हे त्याला ठाऊक. आत आणणाऱ्याचं काय? त्या गाढवाने शेटला विचारलं. शेट म्हणाला, "मिठावर नाव असतं का? माझ्या आगरात आलं ते माझं. टाक राशीवर."

सगळ्यांदेखत ठकूने गाठ सोडली. मीठ राशीवर पडलं आणि राशीचंच झालं. मग तिने नवरा पडला होता त्या वाफ्यातला चिखल मुठीत घेतला. "या वाफ्यात परत मीठ धरलं, तर माझं कुंकू खोटं." बायांनी कमळूला उचलून बांधावरून बयोबाईच्या आगरात नेलं. तिथे तो मीठपाणी प्याला आणि वाचला म्हणे. एक पाय मात्र कायमचा ओढत राहिला.

दुसऱ्या दिवशी वाफ्यात मीठ नव्हतं. शेटने पाणी बदललं, पुन्हा बदललं, बोट बुडवून चाटलं. शहाळ्यासारखं गोड! सगळं आगर असंच होणार या भीतीने शेट अनवाणी ठकूच्या झोपडीत आला, तिच्या हातची अळणी पेज जेवला आणि ढसाढसा रडला. तेव्हापासून पदर झाडणं बंद झालं.

आजही हंगामाची पहिली रास लागली, की मालकासाठी बांधावर अळणी पान वाढतात. हल्लीचे मालक कारकून धाडतात. तो खिशातून लोणच्याची पुडी काढतो, दोन घास खातो, फोटो काढून घेतो आणि गाडीत बसतो. झाप अजून नाही. पिण्याच्या पाण्याचा टँकर मनाला येईल तेव्हा येतो. आणि मी दर वर्षी हीच गोष्ट त्याच कारकुनाला सांगतो. तो म्हणतो, "छान आहे."

आता एक कबूल करतो. वाफा गोड झाला त्यात माझी भर नाही. जसं मिळालं तसं दिलं. शेट आला, जेवला, रडला, ते मात्र माझं. त्याच्याशिवाय पाव्हणे खट्टू होऊन जातात. जुनी माणसं सांगायची ते असं: ठकूने पान वाढून निरोप धाडला, शेट येतो म्हणाला, आणि आला नाही. बायांनी दिवस मावळेपर्यंत वाट बघितली. मग उठल्या, राशीतलं मीठ पदरात घेतलं आणि रांगेने फाटकातून बाहेर पडल्या. पोसू खाडीकडे तोंड करून उभा राहिला.