हिवाईचे घट फोडणारी सगुणा

आपल्या आज्यांच्या आज्या परकर नेसून हिंडत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. खैरखोल गावात सगुणा नावाची कुंभारीण होती. तिची मडकी घंटेसारखी वाजत, असं म्हणतात.

त्या गावात थंडीतापाला हिवाई देवीचा कोप मानत. घरात कुणी थरथरू लागलं की दाराशी पाण्याचा घट भरून ठेवायचा आणि माणूस उठेपर्यंत ते पाणी हलवायचं नाही, असा धाकू भगताचा नेम होता. माणसं उठत नसत. दारोदारचे घट मात्र वाढत गेले, आणि ते घडवायची सगुणाच.

तिची थोरली गोदी तापात गेली. मग धाकटी मथी थरथरू लागली. सगुणाने घट भरला आणि मुलीला मांडीवर घेऊन त्याच्याकडे बघत बसली. काही दिवसांनी पाण्यात किडे वळवळले. दहाव्या दिवशी त्यांना पंख फुटले, आणि ते मथीच्याच दंडावर येऊन बसले.

सगुणाने मडकी थापायची फळी उचलली आणि घट फोडला.

धाकू धावत आला. "अगं ए कुंभारणी, पोर मारशील!"

"एक मारली की तुझं ऐकून! हे किड्यांचं पाणी देवीला? आधी तू पी घोटभर, भगता!"

धाकू मागे सरला. सगुणा दारोदार निघाली. बायांनी शिव्या घातल्या, झिंज्या ओढल्या, तरी ती फोडत गेली. घटाघटातून डासांचा धूर उठला आणि भरदुपारी गावावर सावली पडली, असं म्हणतात. शेवटी ती मडक्यांसाठी माती काढायच्या स्वतःच्या खड्ड्यांशी आली. तिथेही साचलेलं पाणी, तिथेही तेच किडे. ती स्वतःवरच अशी ओरडली की डोंगरावरची गुरं बसली. मग एका दिवसात तिने एकटीने सतरा खड्डे बुजवले, असं म्हणतात.

मथी वाचली असं कुणी सांगितलं तर मानू नका. ती चौथ्या दिवशी गेली. अंगात शिरलेला ताप घट फोडून निघत नाही. पण पुढच्या पावसाळ्यात गावात एकही पोर गेलं नाही.

अजून खैरखोलात दर शनिवारी बाया सगुणाच्या नावाने पिंपं, हंडे, टायर पालथे घालतात. घर सरपंचाचं असलं तरी विचारत नाहीत. आणि तापलेल्या लेकराचं रक्त तपासायला कुणी "उद्या नेऊ" म्हणाला, तर त्याच्या दारात उभ्या राहून विचारतात, "तुझ्या लेकराचं नाव काय रे? गोदी की मथी?"

तो चपला घालतो आणि लेकराला उचलतो.