वेणूचं काय काय बंद झालं

एका गावात तीन मंडळं होती, आणि तिघांनाही वाटायचं की गाव आपल्यामुळेच चाललंय.

एक क्रीडा मंडळ. ते मुलामुलींना खो-खो शिकवायचं. त्याचे प्रमुख हणमंत वस्ताद. दुसरं महिला मंडळ. तिथं मुलींसाठी शिवणाचा वर्ग चालायचा, आणि प्रमिलाकाकी अध्यक्ष होत्या. तिसरं भजनी मंडळ, मारुतीच्या देवळातलं. तिथं गोविंदबुवा. बुवांचा आवाज फार गोड होता. स्वभावही गोड असता, पण सगळंच एका माणसाला कसं मिळणार?

तिघंही भली माणसं. फक्त एकमेकांच्या दारात पाऊल टाकायची नाहीत. तीन वर्षांपूर्वी झेंडावंदन कोणाच्या अंगणात करायचं यावरून वाजलं होतं. तेव्हापासून गावात झेंडावंदन तीनदा व्हायचं. पोरांना लाडूही तीनदा मिळायचे, त्यामुळे पोरांची काही तक्रार नव्हती.

एक पद्धत मात्र तिन्ही मंडळांत अगदी सारखी. काही काम केलं की ते इतिवृत्ताच्या वहीत लिहायचं, पुढच्या बैठकीत मोठ्यानं वाचायचं आणि टाळ्या वाजवायच्या. वहीत लिहिलं म्हणजे काम झालं. यात हसण्यासारखं काही नाही. बाजाराची यादी केली की बाजारच झाला असं वाटणारी माणसं असतात. मी तर रोज आरशात बघते.

याच गावात वेणू नावाची नऊ वर्षांची मुलगी होती. आईवडील गेलेले, म्हणून मामाकडे राहायची. मामा म्हणजे मुरलीअण्णा, गावातला एकुलता एक मंडपवाला. लग्न असो, जत्रा असो, मंडप अण्णांचाच. त्यामुळे सगळ्यांना अण्णांशी गोडीनं राहावं लागे. आणि अण्णाही बोलायला मऊ. कोणी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. रस्त्यावर तरी.

उन्हाळ्याची सुट्टी लागली. वेणू सकाळी खो-खो खेळायची, दुपारी शिवण शिकायची आणि संध्याकाळी देवळात टाळ वाजवायची. घरी जेवढं कमी राहता येईल तेवढं कमी राहायची.

एके सकाळी वस्तादांना तिच्या पोटऱ्यांवर वळ दिसले. वस्ताद मैदानात आयुष्य घालवलेले. खो-खोत पडलं तर गुडघा फुटतो, पोटरीवर वळ उठत नाहीत, हे त्यांना कळत होतं. ते तडक अण्णांच्या घरी गेले.

"अण्णा, पोरीला मारता का?"

"वस्ताद, आधी बसा तर! अहो, एखादी चापट बसली असेल. मी लक्ष घालतो."

अण्णांनी चहा दिला. वस्ताद चहा पिऊन आले. मंडळाच्या वहीत लिहिलं गेलं, 'पालकास समज देण्यात आली.' टाळ्या वाजल्या.

दुसऱ्या दिवसापासून वेणू मैदानावर आली नाही.

पुढच्या आठवड्यात प्रमिलाकाकींनी शिवणाच्या वर्गात फळीवरचं कापड काढायला हात वर केला. शेजारी बसलेल्या वेणूनं झटकन दोन्ही हातांनी डोकं झाकलं. काकींचा हात तसाच वर राहिला. वर्ग संपल्यावर त्या दोन बायकांना घेऊन अण्णांकडे गेल्या. अण्णांनी चहाबरोबर चिवडाही दिला. पुन्हा समज. पुन्हा वही. पुन्हा टाळ्या. मी त्या मंडळात असते तर मीही गेले असते, आणि येताना चिवड्यात काय काय घातलं ते वेणूच्या मामींना विचारून आले असते.

वेणूचं शिवण बंद झालं.

मग बुवा. भजन संपलं की वेणू टाळ खाली ठेवायचीच नाही. "बुवा, अजून एक म्हणा ना. फक्त एक." आधी बुवांना वाटलं, पोरीला भजनाची गोडी लागली. ते मनातून खूशही झाले. पण एकदा त्यांनी तिचा चेहरा नीट बघितला. तिला अभंग नको होता, तिला घरी जायचं नव्हतं. बुवा अण्णांकडे गेले. आता पुढचं मी सांगायला नको.

टाळही बंद झाला.

तिघांपैकी एकानंही दुसऱ्याला विचारलं नाही, "अहो, ती वेणू तुमच्याकडे येते का?" विचारायचं म्हणजे बोलावं लागलं असतं. आणि पोरगी दिसेनाशी झाली तेव्हा प्रत्येकाला वाटलं, ती दुसऱ्या मंडळात पळाली. वस्ताद तर म्हणालेही, "काकींनी फोडली असणार."

आता वेणूला बाहेर पडायला एकच जागा उरली. वाचनालय. तेही एवढ्याचसाठी, की मुरलीअण्णांना रहस्यकथा वाचायचा नाद होता आणि पुस्तक बदलून आणायचं काम वेणूचं होतं.

वाचनालय शमशादताई सांभाळायच्या. वेणू हल्ली पुस्तक डाव्या हातानं पुढं करते, हे त्यांनी पाहिलं होतं. उजवं मनगट सुजलेलं होतं. शमशादताईंनी आधी चार दिवस स्वतःला सांगितलं की आपलं काम पुस्तकांचं. पाचव्या दिवशी त्यांना ते पटेना. आज संध्याकाळी अण्णांच्या घरी जाऊन चांगलं सुनावायचं, असं त्यांनी ठरवलं. काय काय बोलायचं ते मनात घोळवत त्या बसल्या होत्या, तेवढ्यात वेणू आली.

"वेणू, हाताला काय झालं गं?"

वेणूनं हात मागे नेला. मग हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही पण आमच्या घरी येणार?"

"का गं?"

"वस्ताद आले, मग माझं खो-खो बंद झालं. काकी आल्या, मग शिवण बंद झालं. बुवा आले आणि टाळ बंद झाला." ती थांबली. "ते चहा पिऊन गेले ना, की मामा विचारतो, बाहेर काय सांगितलंस. मी काहीच सांगितलं नव्हतं ताई. तुम्ही नका येऊ."

 चांगलं सुनावायचं म्हणून जे जे ठरवलं होतं, ते सगळं शमशादताईंनी गिळलं.

"नाही येणार," त्या म्हणाल्या. "एकटी तर नाहीच."

वेणू गेल्यावर त्या विचार करत बसल्या. तिन्ही मंडळांना एकत्र बसवल्याशिवाय हे सुटणार नव्हतं. पण बसवायचं कुठं? वस्ताद देवळात यायचे नाहीत, बुवा महिला मंडळात जायचे नाहीत आणि काकी मैदानाकडे बघायच्यासुद्धा नाहीत. मग त्यांनी वाचनालयाचं रजिस्टर काढलं. तिघांकडेही पुस्तकं थकलेली होती. वस्तादांकडे तर दोन वर्षांपासून. त्यांनी तिघांना चिठ्ठी पाठवली, 'पुस्तक घेऊन उद्या सकाळी नऊ वाजता स्वतः यावे, नाहीतर नाव दारावरच्या फळ्यावर लागेल.'

नऊला पाच कमी असताना तिघंही हजर. एकमेकांना बघून तिघांनी तोंडं तीन दिशांना केली.

"वस्ताद, पुस्तक वाचायला दोन वर्षं?" बुवांना राहवलं नाही.

"तुमच्यासारखा दिवसभर बसून नसतो मी, बुवा."

"सुरू झालं यांचं," काकी भिंतीकडे बघत म्हणाल्या.

शमशादताईंनी दार लोटलं. "पुस्तकं राहू द्या. वेणूबद्दल बोलायचंय. प्रत्येकानं काय बघितलं तेवढंच सांगा. काय केलं ते नको."

वस्तादांनी वळांचं सांगितलं. काकींनी डोक्यावर गेलेल्या हातांचं सांगितलं. बुवा म्हणाले, "ती म्हणायची, अजून एक म्हणा." शमशादताईंनी मनगटाचं सांगितलं, आणि आपण चार दिवस गप्प बसलो तेही सांगितलं.

एकेकट्याला जे थोडंसं वाटलं होतं, ते चौघांचं एकत्र केल्यावर थोडंसं राहिलं नाही.

मग शमशादताईंनी कालचं वेणूचं बोलणं सांगितलं. शब्द न बदलता. खो-खो, शिवण, टाळ. कोण आलं आणि काय बंद झालं.

काकींनी पदर तोंडाला लावला. "म्हणजे आम्ही गेलो, त्याचा मार तिला बसला?"



"मी आत्ता जातो," वस्ताद उठले. "त्याला उचलून आपटतो."

"बसा!" काकी आणि बुवा एकदम म्हणाले. तीन वर्षांत ते दोघं पहिल्यांदाच एकमताचे झाले होते.

शमशादताईंनी फोन लावला. मुलांच्या मदतीसाठी सरकारचा १०९८ नंबर असतो, तो. चौघांनी आळीपाळीनं पाहिलेलं सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, "आम्ही आज दुपारी उशिरापर्यंत पोचतो. तोपर्यंत त्या घरी जाऊन कोणी बोलू नका. पण मुलीला एकटं पडू देऊ नका."

घरी जायचं नाही आणि तिला एकटं पडू द्यायचं नाही. हे कसं जमवायचं?

"गल्ली काही मुरलीअण्णांची नाही," बुवा म्हणाले. त्या सकाळी बुवा सगळ्यात शहाणं वाक्य बोलले, आणि काकींनी ते कबूलही केलं.

अर्ध्या तासात महिला मंडळाच्या आठ बायका अण्णांच्या घरासमोरच्या ओट्यावर कुरडया घालायला बसल्या. भजनी मंडळानं शेजारच्या पारावर टाळ-मृदंग मांडले. वस्तादांनी पोरांना गल्लीच्या तोंडाशी सरावाला आणलं. ज्याला जे रोज येतं तेच त्यानं केलं, फक्त एका गल्लीत केलं. गल्ली इतकी गजबजली की घरात भांडं पडलं तरी आठ माना वळत होत्या. वेणू खिडकीत येऊन उभी राहिली. काकींनी तिला नुसती कुरडयांच्या चिकाची वाटी दाखवली आणि विचारलं, "खाणार का गं?" मामी दारातच होत्या. त्यांनी घराकडे बघितलं, मग गल्लीकडे, आणि हळूच म्हणाल्या, "जा." वेणू ओट्यावर येऊन बसली. वाटी संपली तरी तिला कोणी उठवलं नाही.

मुरलीअण्णा मूर्ख नव्हते. तीन मंडळं एका गल्लीत म्हणजे काहीतरी आहे, हे त्यांनी ओळखलं. ते आधी बुवांकडे गेले. "बुवा, यंदा देवळाच्या उत्सवाचा मंडप कोण घालतं ते बघतोच मी."  मंडपाशिवाय उत्सव म्हणजे उन्हात उत्सव. पण बुवांनी मृदंगवाल्याला खूण केली आणि पुढचा अभंग इतका वर उचलला की अण्णांचं बाकीचं बोलणं त्यात बुडालं.

मग अण्णा वस्तादांकडे वळले, एकदम मऊ आवाजात. "वस्ताद, तुम्ही साधे. त्या प्रमिलाकाकी तुमच्या पोरांना मवाली म्हणतात, माहीत आहे? त्यांच्या नादी लागू नका."

वस्तादांचे कान लाल झाले. काकी तसं म्हणाल्या असणार, याबद्दल त्यांना अजिबात शंका नव्हती. खरं सांगायचं तर त्या म्हणाल्याच होत्या. तीन वर्षांचं भांडण पुन्हा उसळून आलं. सरावाची शिट्टी वाजवून पोरांना घेऊन निघून जावं, असं त्यांना वाटून गेलं. त्यांनी ओट्याकडे पाहिलं. काकींच्या शेजारी वेणू बसली होती आणि ती वस्तादांकडेच बघत होती. आता वस्ताद काय करतात, ते बघत होती.

"काकी!" वस्तादांनी गल्लीभर ऐकू जाईल अशी हाक मारली. "इकडं या. बुवा, तुम्हीपण या. अण्णांना काहीतरी सांगायचंय. सगळ्यांसमोर सांगा हो अण्णा."

अण्णांना सगळ्यांसमोर सांगण्यासारखं काही नव्हतं.

दुपारी चारच्या सुमारास गाडी आली. दोन कार्यकर्त्या होत्या आणि एक महिला पोलीस, साध्या कपड्यांत. त्यांनी चहा घेतला नाही. एक कार्यकर्ती वेणूला ओट्याच्या कडेला घेऊन बसली आणि बराच वेळ तिचं ऐकत राहिली. मनगट दवाखान्यात दाखवायचं ठरलं. पुढचं बाल कल्याण समिती ठरवणार होती, पण तोवर वेणू त्या घरात राहणार नाही एवढं नक्की झालं. पुढं समितीनं चौकशी करून तिला शेजारच्या गावी आत्याकडे ठेवलं, आणि अण्णांवर रीतसर केस झाली. उत्सव त्या वर्षी उन्हातच झाला. बुवा घामाघूम झाले, आणि त्यांनी ते गावभर ऐकवलं.

पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी वेणू गाडीत बसायच्या आधी थांबली. चौघं एका रांगेत उभे होते. तिनं वस्तादांकडे बघितलं, मग काकींकडे, बुवांकडे, शेवटी शमशादताईंकडे.

"तुम्ही सगळ्यांनी मिळून सांगितलं?"

"हो गं."

वेणूनं थोडा विचार केला. मग घाबरत घाबरत विचारलं, "मग आता माझं काय बंद होणार?"

  शमशादताई खाली वाकल्या.

"मार," त्या म्हणाल्या. "आता मार बंद होणार, वेणू."

तात्पर्य: लहान मुलाचं दुःख प्रत्येकाला थोडं थोडं दिसतं, म्हणून ते प्रत्येकाला थोडंच वाटतं. जे दिसलं ते एकमेकांना सांगा, योग्य ठिकाणी कळवा आणि मिळून मुलाच्या पाठीशी उभे राहा. एकेकट्यानं जाऊन दिलेल्या समजेची किंमत शेवटी मूलच मोजतं.