रिकाम्या खोल्यांचा पाहुणचार

एकदा एका घाटमाथ्यावर, जिथे हिवाळ्यात ढगच मुक्कामाला येत, एका व्यापाऱ्याने धर्मशाळा बांधली आणि ती एका वृद्ध गुरूंच्या शिष्याच्या स्वाधीन केली. शिष्य मोठा हौशी यजमान. दिवेलागणीला तो सगळ्या खोल्यांत निखाऱ्यांच्या शेगड्या ठेवी, पाण्याचे बंब पेटवी आणि दारे सताड उघडी टाकी. पाहुणा असो वा नसो, खोली उबदार हवी, ही तिथली रीतच पडली होती. आजच्या हॉटेलांत रिकाम्या खोलीतले यंत्र भिंतींना गार हवा घालत बसते, त्यातलाच प्रकार. धुक्यात ती धर्मशाळा उजेडाच्या नावेसारखी तरंगताना दिसे. वाटसरू तिची वाखाणणी करत, आणि खरे सांगायचे तर शिष्याला ती ऐकायला फार आवडे.

एका वर्षी थंडी लांबली. धुके असे दाटले की लाकडाच्या गाड्या घाट चढेनात. सरपणाचा ढीग गुडघ्याएवढा उरला. तो संपला तर दाराला कुलूप लावावे लागणार होते, आणि अशा थंडीत बंद दार पाहून परत फिरलेला माणूस खालच्या गावापर्यंत जिवंत पोचेल याची शाश्वती नव्हती. शिष्याचा जीव टांगणीला लागला. त्याने माथ्यावरच राहणाऱ्या आपल्या गुरूंना बोलावून घेतले आणि आणखी लाकूड कुठून आणावे ते विचारले.

गुरू सगळ्या खोल्या हिंडून आले. मुक्कामाला एक म्हातारे जोडपे तेवढे होते. त्यांनी स्वयंपाकघरातून भाताचे पातेले उचलले आणि रिकाम्या खोल्यांतून एकेक पान मांडून ते वाढू लागले. "सावकाश होऊ द्या," असे मोकळ्या खाटेला सांगत आणि पुढच्या खोलीत जात.

शिष्य मागोमाग चालत होता. यात काही गूढ असावे, असे आधी त्याला वाटले. पातेल्याचा तळ दिसू लागला तेव्हा मात्र त्याला राहवेना.

"गुरुजी, इथे जेवायला आहे कोण? अन्न वाया जातंय."

"मला वाटलं, असतील कुणी," गुरू म्हणाले. "शेकायला आहेत, तर जेवायलाही असतील."

शिष्याची नजर खाटेजवळच्या शेगडीकडे गेली.

"अरे, भात डोळ्यांना दिसतो म्हणून तुझा जीव कळवळला. ऊब दिसत नाही. ती उघड्या दारातून धुक्यात निघून जाते आणि आपण तिला पाहुणचार म्हणतो. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. हा भात मी आत्ता पातेल्यात परत घेईन. कालचे निखारे तुला परत आणता येतील? जो अजून आलाच नाही, त्याचं लाकूड राखून ठेवणं हासुद्धा त्याचा पाहुणचारच आहे."

शिष्याला लाज वाटली, आणि लाजेपाठोपाठ हायसेही वाटले. त्याने सगळे निखारे म्हाताऱ्या जोडप्याच्या खोलीत नेले. रिकाम्या खोल्यांची दारे लोटली, एकच बंब चालू ठेवून बाकीच्यांतला विस्तव काढला, आणि वाट दिसावी म्हणून बाहेर एक कंदील टांगला.

पुढे काही दिवसांनी, धुके तसेच असताना, एक बाई कडेवर मूल घेऊन दाराशी आली. तिला थंड खोलीत नेताना शिष्याचे मन चरकले. आता ही गावोगाव काय सांगेल? त्याने तिला घोंगडी दिली, ढिगातली राखून ठेवलेली काही लाकडे आणली आणि तिच्यासमोर बसून फुंकर घालू लागला. जाळ धरला. मुलाची बोटे हळूहळू उलगडली.

बाई हळूच म्हणाली, "आमच्यासाठी पेटवलंत?"

इतकी वर्षे इतक्या शेगड्या पेटवल्या, पण असे कुणी कधी विचारले नव्हते. शिष्याने होकारार्थी मान डोलावली आणि उठून दार लावून घेतले.