तीन झुलींचा बैल

कोणे एके काळी, नेमकं कधी ते विचारू नका, उगवतीचा राजा आणि मावळतीचा राजा एका टेकडीसाठी लढत होते. टेकडीवर गवतही धड उगवत नसे. पण ती आपल्या आजोबांची होती, असं दोघांनाही आपापल्या भाटांनी सांगून ठेवलं होतं.

टेकडीच्या पायथ्याशी एक गाव होतं. टेकडी कुणाचीही असली तरी गावकऱ्यांना चाललं असतं, पण त्यांना कुणी विचारलं नाही. गावाकडे जाणाऱ्या एकुलत्या एका वाटेवर आधी उगवतीची चौकी बसली आणि मग वेशीजवळ मावळतीची. शेतांतून घोडे फिरले. हळूहळू घराघरांतल्या कणग्यांचा तळ दिसू लागला.

त्या मुलखात लमाणांचा एक तांडा बैलांवर गोण्या लादून धान्य वाहून न्यायचा. तांड्याची कर्ती एक म्हातारी होती. सगळे तिला याडी म्हणत, म्हणजे आई. तांड्याची एक जुनी रीत होती. एरवी सर्वांत पुढे चालणारा बैल नवरदेवासारखा नटलेला असे. पाठीवर आरशांची झूल, शिंगांना गोंडे. पण लढाईच्या मुलखात शिरताना हे सगळं उतरवायचं. पुढच्या बैलाच्या पाठीवर ओझं नाही, कापड नाही, गळ्यात फक्त पितळी घंटा. चौकी आली की गोण्या सोडून दाखवायच्या, त्यातले मूठभर दाणे स्वतः चावून दाखवायचे आणि पुढे निघायचं. ती घंटा ऐकली की कुठल्याही राजाचा पहारेकरी अडसर काढत असे. हे कुणी कुठे लिहून ठेवलं नव्हतं, तरी चालत आलं होतं.

याडीचा जीव त्या गावात अडकला होता. तिच्या सुनेचे दिवस भरत आले होते, म्हणून तिला एका कुंभारणीच्या घरी ठेवून तांडा पुढे गेला होता. मागे वाटा बंद झाल्या. सून बाळंत झाली की नाही, हेही याडीला कळलं नव्हतं, आणि तांड्याजवळ त्या वेळी विकायलासुद्धा दाणा नव्हता.

दूर नदीकाठी तिसरा एक राजा राहत होता. तो चांगला माणूस होता, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्याच्यावर उगाच चिडाल. गावाची उपासमार कानावर आली तेव्हा त्याला खरोखरच जेवण गेलं नाही. त्याने आपली कोठारं उघडली आणि याडीला बोलावून सांगितलं, की हवं तेवढं धान्य घे आणि गावात पोचव.

गोण्या भरून झाल्या. तांडा निघणार, तेवढ्यात राजाचा प्रधान लाल मखमलीची झूल घेऊन आला. झुलीवर राजाचं चिन्ह होतं, जरीचा मासा, हातभर लांब. ही झूल पुढच्या बैलावर घाल, म्हणाला. कुणी जेवू घातलं ते गावाला कळायला नको का?

याडी सरळ राजापुढे गेली. "आमचा बैल उघडा चालतो, महाराज. पाठीवर काही असलं की पहारेकरी ते बघतात. काही नसलं की घंटा ऐकतात."

राजाला वाईट वाटलं. एवढं धान्य दिलं आणि एक साधी झूल हिला जड होते, असं त्याच्या मनात आलं. तो हसून म्हणाला, की झूल नसेल तर गोण्याही राहू देत. तो गमतीत म्हणाला की खरंच, हे याडीला कळेना, आणि विचारायची तिला हिंमत झाली नाही. तिला सून दिसत होती. कापडच तर आहे, असं म्हणून तिने झूल घेतली आणि ती उतरवणार नाही असा शब्द दिला. तांड्याने रीत मोडली ती इथे.

उगवतीच्या चौकीवर घंटा वाजली तेव्हा पहारेकऱ्याचा हात सवयीने अडसराकडे गेला. पण चौकीच्या सरदाराला मासा दिसला. आज याचा मासा गावात शिरतो, उद्या याची फौज शिरेल, असा त्याने हिशेब केला. त्याने तांडा थांबवला आणि आपल्या राजाकडे जासूद पाठवला. राजाने दरबार भरवून विचार केला. अखेर निरोप आला, की जाऊ द्या, पण आमच्या मेहरबानीने जात आहेत हे दिसायला हवं. माशावर आमची झूल घाला. मग ती झूल शिवायला शिंपी शोधले गेले.

दुसरी झूल चढवून तांडा वेशीजवळच्या चौकीवर पोचला. मावळतीच्या सरदाराने दोन झुली पाहिल्या आणि तोही चिडला. त्याच्याही राजाचा दरबार भरला. तिथेही तोच विचार झाला, तोच निरोप आला आणि पुन्हा शिंपी बसले. शत्रूंचं एवढं एकमत त्या लढाईत दुसऱ्या कशावरही झालं नाही.

या सगळ्यात दिवसामागून दिवस गेले. गावातली माणसं कुडावर चढून त्या गोण्यांकडे बघत बसत. काही दिवसांनी चढणारी माणसं कमी झाली.

तिसरी झूल आली ती भर दुपारी. भुऱ्याच्या, म्हणजे त्या पुढच्या बैलाच्या, पाठीवर ती घालून पट्टे आवळले. तीन राजांची मखमल अंगावर घेऊन भुऱ्या चार पावलं चालला आणि खाली बसला. तो काही केल्या उठेना, आणि तो उठल्याशिवाय मागचा एकही बैल हलेना.

याडी त्याच्याजवळ बसली. तिला स्वतःची लाज वाटली. तिने पट्टे कापले, तिन्ही झुली ओढून बाजूला टाकल्या आणि भुऱ्याच्या तोंडावर पाणी मारलं. भुऱ्या उठला. घंटा वाजली. पहारेकऱ्याने सरदाराकडे पाहिलं. सरदाराने डोकं खाजवलं. त्याला हुकूम होता तो झुलींबद्दल. उघड्या बैलाबद्दल कुणी काही सांगितलंच नव्हतं. त्याने मान दुसरीकडे वळवली आणि अडसर निघाला.

तांडा गावात शिरला. चुली पेटल्या. कुंभारणीच्या घरी याडीला सून सापडली. तिच्या मांडीवर मुलगी होती, बारीक पण जिवंत. कुंभारीण मात्र आदल्याच रात्री गेली होती, तिला अजून न्यायचं होतं. बाळंतिणीला दूध यायला हवं म्हणून ती आपल्या वाटणीचं तिलाच देत होती, असं सून रडत रडत म्हणाली. याडी वेशीपर्यंत परत गेली आणि पडलेल्या झुली उचलून घेऊन आली.

पुढे ती नदीकाठच्या राजाकडे गेली. शब्द मोडला हे तिनेच आधी सांगितलं. राजा रागावला नाही. धान्य पोचलं यात त्याला आनंदच होता. फक्त त्याने हळूच विचारलं, "आमचा मासा गावाने पाहिला का?"

"पाहिला, महाराज. सगळ्या गावाने पाहिला. ज्या बाईने माझ्या सुनेला आपला घास दिला, तिच्यावर पांघरायला गावात धड कापड उरलं नव्हतं. तुमचीच झूल पांघरून तिला नेली."

राजाने विचारलं, तोवर धान्य पोचलं नव्हतं का?

"चौकीवर होतं, महाराज. तिचं घर वेशीलगतच, दारातून गोण्या दिसत होत्या."

राजाने मान खाली घातली आणि कोठारं उघडायला सांगितली. पुन्हा गोण्या भरल्या तेव्हा तो स्वतः फाटकापर्यंत आला. भुऱ्याच्या शिंगाला एक लाल गोंडा चुकून राहिला होता, तो त्याने आपल्या हाताने सोडला. घंटा वाजत तांडा दोन्ही चौक्यांमधून गेला आणि संध्याकाळच्या आत गावात पोचला. हे धान्य कुणी पाठवलं, ते गावात कुणाला कळलं नाही. सगळे जेवले.

तात्पर्य: भुकेल्याकडे निघालेल्या अन्नावर देणाऱ्याने आपलं नाव चढवलं, की त्या नावाचं ओझं अन्नापेक्षा जड होतं.