समाप्तीची खूण

एकदा एका वृद्ध गुरूंकडे एक शिष्या आली आणि म्हणाली, "माझ्या वडिलांच्या नोंदी जशाच्या तशा छापायच्या आहेत. तेवढी विद्या मला द्या." अशा कथांतल्या माणसांना सहसा नावे नसतात. गुरूंना इथेही नाव नाही. शिष्येच्या नावाला मात्र या कथेत काम आहे, म्हणून ते आधीच सांगून टाकतो. तिचे नाव हेमांगी.

गुरुजींचे सारे आयुष्य अक्षरे जुळवण्यात गेले होते. तरुणपणी त्यांनी छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले. खिळे मोडीत निघाले तेव्हा, लोक देवदर्शनाच्या सहली आखतात त्या वयात, ते टेक नावाची संगणकाची भाषा शिकले. टेकमध्ये मजकूर आणि आज्ञा एकाच ठिकाणी लिहितात. हा शब्द ठळक कर, इथे नवे पान घे, अशा नेहमी लागणाऱ्या आज्ञांची मोळी बांधून तिला एक नाव दिले, की झाला मॅक्रो. गुरुजींच्या विद्यार्थ्यांना चार मॅक्रो लिहिता आले की आकाश ठेंगणे होई. गुरुजी त्यांची थट्टा करत आणि शिकवतही राहत.

हेमांगी तशी हौसेने आली नव्हती. तिचे वडील नदीकाठच्या एका गावी पाण्याची पातळी मोजण्याच्या कामावर होते. रोज सकाळी सहाला घाटाच्या पायऱ्या उतरायच्या, मोजपट्टी वाचायची, वर येऊन आकडा लिहायचा. निवृत्त झाल्यावर पगार थांबला, पण त्यांचे पायऱ्या उतरणे थांबले नाही. आकडे घरच्या जुन्या संगणकात जाऊ लागले, एवढाच काय तो फरक. त्यानंतर थोड्याच दिवसांत हेमांगीने दूरच्या शहरातली नोकरी धरली. आईला जाऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. बापलेकीत शब्दाला शब्द वाढला. शेवटी वडील म्हणाले, "गेलीस तर तुझं नाव या घरात पुन्हा निघणार नाही."

ती गेली. अकरा वर्षे त्यांनी फोन केला नाही आणि तिनेही केला नाही. मग एके दिवशी वडील गेल्याचा मामांचा फोन आला, तोवर सगळे उरकलेही होते. घरातून तिने फक्त त्या नोंदी आणल्या. पुराच्या वर्षांची इतकी सलग माहिती दुसरीकडे कुठे नव्हती, त्यामुळे गावाला त्याचे पुस्तक हवे होते.

"त्यात माझ्यासाठी काही नाही, हे मला माहीत आहे," ती गुरुजींना म्हणाली. "पण अकरा वर्षांत मी त्यांचा एक शब्द ऐकला नाही, गुरुजी. निदान आकडे तरी त्यांच्या हातचे आहेत."

तिने स्वतः एक प्रयत्न करून पाहिला होता. वडिलांची पद्धत अशी, की पाणी चढले तर आकड्यामागे तिरकी रेघ, उतरले तर उलटी तिरकी रेघ, आणि ओळीच्या शेवटी हवेतल्या ओलाव्याचा टक्का. पण टेकमध्ये उलट्या तिरक्या रेघेने आज्ञा सुरू होते. नदी उतरली की यंत्र अडे आणि ही कसली आज्ञा, म्हणून विचारी. हेमांगीने प्रत्येक अडथळ्यावर बटण दाबून त्याला पुढे हाकलले होते. छापून आलेल्या कागदावर आकडे एकमेकांना चिकटून गर्दी करून उभे होते.

"अकरा वर्षं नुसतं पाणी लिहिलंय," ती म्हणाली.

गुरुजींनी कागद पाहिला आणि परत दिला. "हे त्यांनी लिहिलेलं नाही. त्यांचं लिहिलेलं तू यंत्राला दिलंस, आणि यंत्राला जेवढं समजलं तेवढं त्यानं छापलं."

शिकवणी सुरू झाली. गुरुजींनी सांगितले, की काही चिन्हांना यंत्राच्या दरबारी अधिकार आहे. ती दिसली की यंत्र ती छापत नाही, त्यांचा हुकूम पाळते. जसेच्या तसे छापायचे तर मॅक्रोने आधी या सगळ्या अधिकाऱ्यांना साधी अक्षरे करून टाकायचे, मोकळ्या जागा आणि ओळी जिथल्या तिथे ठेवायच्या, आणि काम संपले की ज्याचा त्याचा अधिकार परत द्यायचा. हेमांगीने पहिला मॅक्रो लिहिला तो असा, की मजकूर आधी सगळा आत घ्यायचा आणि मग चिन्हांचे अधिकार काढायचे. तो साफ फसला. मजकूर आत घेतानाच यंत्राने सारे हुकूम पाळून टाकले होते.

"एकदा वाचलं की वाचलं," गुरुजी म्हणाले. "अधिकार काढायचे ते पहिलं अक्षर वाचायच्या आधी."

दोन महिन्यांत मॅक्रो जवळजवळ उभा राहिला. एकच गोष्ट उरली. सगळ्या चिन्हांचे अधिकार गेल्यावर "आता थांब" ही आज्ञा तरी यंत्र कशी ओळखणार? तीही त्याला साधी अक्षरेच वाटणार. म्हणून समाप्तीची एक खूण त्याला आधी सांगून ठेवावी लागते. ती दिसली की मजकूर संपला असे यंत्र समजते. खूण कोणतीही चालते. मात्र ती मजकुरात कुठेही आलेली नसावी.

"अशी कोणती अक्षरं घेशील?" गुरुजींनी विचारले.

हेमांगीला विचार करावा लागला नाही. तिने आपले नाव टाइप केले.

"खात्री आहे?"

"ते शब्दाचे पक्के होते," ती म्हणाली. बोलताना तिचा आवाज कोरडा होता. अकरा वर्षांचा राग आणि त्याच्याखाली दाबलेली ओढ, दोन्ही त्या एका वाक्यात होती. गुरुजींनी मान हलवली आणि ते चहा करायला उठले.

यंत्र सुरू झाले आणि सदतिसाव्या ओळीवर अडले. हेमांगीला वाटले, आपलाच मॅक्रो चुकला. तिने तो वरून खाली वाचला, खालून वर वाचला, दोन जागी बदलला. यंत्र पुन्हा सदतिसाव्या ओळीवरच थांबले. तिसऱ्या दिवशी ती रडकुंडीला येऊन गुरुजींकडे गेली.

"मॅक्रो पुरे," गुरुजी म्हणाले. "यंत्र जिथं थांबलं, तिथं काय लिहिलंय ते वाच."

तिने ती ओळ उघडली. पातळी, ओलावा, टक्क्याचे चिन्ह. त्यापुढे काही नव्हते. गुरुजींनी पडदा उजवीकडे सरकवायला सांगितले. चाळीसएक जागा मोकळ्या सोडून, पडद्यावर सहज दिसणार नाही इतक्या दूर, वडिलांनी लिहिले होते: "हेमांगीची गाडी एव्हाना घाट उतरली असेल."

ती गेली त्या सकाळची ती नोंद होती.

टक्क्याचे चिन्ह टेकला सांगते, की या ओळीत पुढचे वाचू नकोस. हेमांगीला हे पहिल्या आठवड्यातच शिकवले होते. पण ओलाव्याच्या आकड्यापुढे वडील काही लिहितील हे तिच्या मनातही आले नव्हते, आणि पहिल्या छपाईत टक्क्याने सगळे गिळले होते. आता जसेच्या तसे वाचणाऱ्या यंत्राला तिचे नाव सापडले, आणि सांगितल्याप्रमाणे ते तिथे थांबले होते. आधीच्या छत्तीस ओळींत टक्क्यापुढे खरोखरच काही नव्हते.

तिने ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग एकदम तिचे हात चालू लागले. समाप्तीच्या खुणेतून तिने आपले नाव खोडले आणि त्या जागी दहाबारा अक्षरे वाटेल तशी बडवली. असला निरर्थक शब्द जगातल्या कुठल्याच मजकुरात येणार नव्हता.

गुरुजींनी हात पुढे केला आणि तो शब्द पुसून टाकला.

"का?" हेमांगी म्हणाली. "हे तर चालेल."

"यंत्राला चालेल. पण त्यांनी काय लिहिलंय हे न वाचता तू एक खूण निवडलीस, ती कशी निघाली ते पाहिलंस. आता दुसरीही न वाचताच निवडतेस? सगळं वाच. त्यात काय नाही हे कळलं की मग ये."

या उत्तराने तिचे समाधान झाले नाही. तरी ती घरी गेली आणि चार हजारांहून अधिक ओळी वाचायला बसली. तिला बारा दिवस लागले. रोज सकाळी सहाला सुरू करायची, कारण त्याच वेळी त्या लिहिल्या गेल्या होत्या.

तिचे नाव पुन्हा आले नाही. वडिलांचा तोल एकदाच गेला होता. पुढे अकरा वर्षे नुसते "ती" होते. तिच्या वाढदिवसाला: "शेवयांची खीर केली. आटली फार." एका हिवाळ्यात: "मामा सांगत होता, तिला चष्मा लागला." आणखी एकदा: "दाराला नवी कडी बसवली. जुनीही राहू दिली, तिला तीच उघडता येते." पावसाळ्यात नदी पुलावरून वाहू लागली, की त्या दिवसांच्या नोंदी तिला वेगळ्याच वाटत: "पूल पाण्याखाली. आज कुणी येऊ शकत नाही, तेव्हा वाट पाहायची नाही." पुरात गाव हवालदिल होई आणि त्या तीनचार दिवसांत तिच्या बापाला तेवढी विश्रांती मिळे. मग पाणी उतरे आणि आकड्यापुढे, चाळीस जागा सोडून, दोनच शब्द येत: "पूल मोकळा." असे ते दोन शब्द दर वर्षी आले. शेवटच्या नोंदीतही तेच होते, त्याआधी "खोकला हटत नाही" असे लिहून.

ती रडली, हे सांगायला नको. पण मला विचाराल तर त्या रडण्यात दुःखापेक्षा ओढ जास्त होती. त्या बारा दिवसांत तिने कितीदा तरी मनाशीच ठरवले असेल की उद्या निघायचे, पूल मोकळा आहे. आणि दर वेळी तिला पुन्हा आठवले असेल.

तेराव्या दिवशी ती गुरुजींपुढे येऊन बसली. "वाचलं," ती म्हणाली. "काय नाही तेही कळलं."

"काय नाही?"

हेमांगी संगणकाकडे वळली. मॅक्रो उघडून खुणेच्या जागी तिने सावकाश टाइप केले: "बाबा, मी आले."

गुरुजींनी चष्मा काढला. त्यांच्या आवाजातली नेहमीची थट्टा मावळली होती. "बाळ, माणसाचं बोलणं जसंच्या तसं ऐकायचं तर ते कानी पडायच्या आधी आपल्याकडचे हुकूम काढून ठेवावे लागतात. तू टक्का पाहिलास आणि पुढं काही नसणार असं समजलीस. त्यांनीही तुझं जाणं तेवढं पाहिलं, त्यापुढचं तुझं म्हणणं ऐकलं नसेल. आणि ज्याचा मजकूर आहे, त्याच्या शब्दांनी तो मिटत नाही. मिटवणारी खूण दुसऱ्या माणसाकडची असावी लागते. त्यांच्याकडे ती नव्हती."

तिने यंत्र सुरू केले. नदी चढली, उतरली, चढली. उलट्या रेघा, टक्के, चाळीस चाळीस मोकळ्या जागा, खीर, कडी, चष्मा, सारे जिथल्या तिथे उमटत गेले. यंत्र कुठेही अडले नाही. चार हजार ओळींत त्याला ते वाक्य कुठेच भेटले नाही. ज्या एका सकाळी ते ऐकायला मिळावे म्हणून तो माणूस रोज पायऱ्या उतरून वर येत होता, ती सकाळ त्याच्या नोंदीत नव्हती. वाक्य भेटले ते अगदी शेवटी, तिने स्वतः लिहिले होते तिथे. आणि मजकूर संपला.

हेमांगीने शेवटचे पान हातात घेतले. "पूल मोकळा" या शब्दांखाली कागद कोरा होता. समाप्तीची खूण यंत्र वाचते, पण छापत नाही, हे तिला ठाऊक होते. तरी त्या कोऱ्या जागेवर हात ठेवून ती बसून राहिली, आणि गुरुजींनी तिला उठवले नाही.

ज्यांच्या घरी कुणी अजून रोज नोंद ठेवत आहे, त्यांनी ते वाक्य दारात उभे राहून म्हणावे.