आधी खोकावं

“पण बापा, दर दहा पावलांना तुम्ही खोकता कशाला?”

म्हातारा थांबला नाही. काठी दगडावर आपटली, खाकरला आणि चालत राहिला.

“खोकला झालाय का? गोळ्या आहेत माझ्याकडे.”

“खोकला होऊ दे तुझ्या दुश्मनाला.”

“मग?”

“तुझा बाप घरात शिरताना खोकायचा की नाही?”

“खोकायचा.”

“त्याला काय क्षय झाला होता?”

निळकंठ त्याच्या मागून चालत राहिला. घरात सून वावरत असते, तिला पदर सावरायला वेळ मिळावा म्हणून सासरा उंबऱ्याबाहेरूनच खाकरतो, हे विदर्भातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. पण ते घर झालं. हे गीरच्या कडेचं रान होतं. इथे कुणाची सून बसली होती?

आता हा निळकंठ दडमल कोण, ते सांगायला हवं. चंद्रपूरकडच्या वाघांच्या जंगलातला सफारीचा गाईड. नऊ वर्षांचा अनुभव, आणि त्याहून मोठा तोरा. सागाच्या वाळल्या पाचोळ्यावरून तो असा चालायचा की पान कुरकुरत नसे. पायाची कड आधी टेकवायची, मग तळवा. वाघाने आपल्याला बघायच्या आत आपण वाघाला बघायचं, हे त्याचं ब्रीद होतं. नव्या गाईडांना तो हेच शिकवायचा, आणि शिकवताना मिशीवरून हात फिरवायचा.

म्हातारा म्हणजे मेरामणबापा. जातीचा गुराखी, काठेवाडचा. तरुणपणी तीस वर्षं गाई घेऊन विदर्भात फिरला. दर उन्हाळ्यात त्याचा तळ दडमलांच्या पडीत शेतात पडायचा, म्हणून मराठी त्याला घरच्यासारखी यायची. आता थकला होता. गीरच्या कडेला काट्यांच्या कुंपणात चार झोपड्या, बावीस म्हशी आणि राजल नावाची विधवा सून, एवढा त्याचा संसार. रोज सकाळी तो म्हशींच्या आधी ओढ्यावर जाऊन पाणी बघून यायचा. त्याच ओढ्यावर सिंहही यायचे. इतक्या वर्षांत त्याला कुणी ओरखडा काढला नव्हता.

निळकंठ त्याच्याकडे आला, त्याचा आज तिसरा दिवस होता.

“कशाला आलास?” पहिल्या दिवशी बापाने विचारलं होतं.

“सिंह शिकायला.”

“सिंह काय पाढे आहेत?”

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. “कशाला आलास?”

“सांगितलं ना, बापा.”

“हां... सांगितलंस खरं.”

आणि म्हातारा बिडी ओढत बसला. निळकंठला बसवेना. तो उठला, कुंपणापर्यंत गेला, परत आला. बुटाची नाडी सोडली, बांधली. मोबाइल काढला, खिशात टाकला. पुन्हा कुंपणापर्यंत गेला. म्हशी त्याच्याकडे बघून फुरफुरायला लागल्या.

“अहो, ह्या पाहुण्याला दाव्याला बांधा,” राजल हंडा आपटत म्हणाली. “ह्याच्या फेऱ्यांनी म्हशी पान्हा चोरतात. सकाळी दोन शेर दूध कमी निघालं.”

बापा हसला. निळकंठला काही हसू आलं नाही.

कसं येणार? सोमवारी सकाळी सहाला त्याच्या नावाची जीप ठरली होती. पुण्याचं कुटुंब, बरोबर दोन लहान मुलं. ‘आम्हाला दडमलच हवेत’ असा त्यांचा हट्ट. कारण दोन महिन्यांपूर्वी त्याचं नाव पेपरात झळकलं होतं, ‘वाघिणीला अंगावर घेऊन सहा पर्यटकांचे प्राण वाचवले.’ शाल झाली, नारळ झाला, तालुक्याला भाषणं झाली. आणि त्या दिवसापासून जीपच्या पायरीवर पाय ठेवला की निळकंठच्या मांड्या लटपटत होत्या. पुन्हा तशी वेळ आली तर आपण काय करू, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. गाडीत दोन लेकरं असतील, तरीही तेच करू. हेच त्याला खात होतं.

पण हे बोलायचं कुणाजवळ? जग खांद्यावर घेऊन नाचत असताना ‘मला खाली उतरवा’ म्हणायला फार मोठी छाती लागते.

तर तिसऱ्या दिवसाची सकाळ. उन्हं अजून कोवळी, पळस पेटलेला, पाचोळा घोटाभर. म्हाताऱ्याची काठी ठक्, आणि वर खाकरणं. ठक्, खाकरणं. निळकंठच्या डोक्यात ते घणासारखं बसायला लागलं.

“बापा, आजच्या दिवस खोकू नका.”

“का रे?”

“अशाने एक जनावर दिसणार नाही. मला पुढे होऊ द्या. मी दाखवतो, कसं जायचं ते.”

म्हाताऱ्याने त्याच्याकडे बघितलं. काठी उचलून काखेत धरली.

“बरं,” म्हणाला. “तू दाखव.”

निळकंठ पुढे झाला. कड, तळवा. कड, तळवा. पान हललं नाही. दोन महिन्यांनी प्रथमच त्याला बरं वाटलं. हे आपल्याला येतं, हे तरी खरं आहे! मागे वळून त्याने बापाकडे बघितलंही, शाबासकी मिळते का ते. म्हातारा अनवाणी, तोंड मिटून मागून येत होता.

ओढ्याचं वळण आलं. करवंदीची दाट जाळी होती. निळकंठने जाळीला वळसा घातला.

पंधरा पावलांवर सिंहीण होती.

आडवी पडलेली, आणि अंगाला तीन छावे लुचत होते. तिने मान वर केली. एवढ्या जवळ, एवढ्या उशिरा माणूस दिसला, तेव्हा ती दचकली. हो, तीच दचकली. छावे उधळले आणि ती उठली. कान मागे पडले, शेपूट दोनदा जमिनीवर आपटून काठीसारखं ताठ वर गेलं. छातीतून खोल घरघर निघाली.

झालं! त्याच्या मांड्यांनी ओळखीचा रस्ता धरला. टाचा उचलल्या गेल्या. मागची वाट मोकळी होती आणि तिच्यावर एक म्हातारा उभा होता, एवढंच. त्याला चुकवून जाता आलं असतं.

“आता खोक,” म्हातारा मागून हळूच म्हणाला.

निळकंठने तोंड उघडलं. खोकला येईना.

“मग बोल.”

“काय... काय बोलू?”

“कोण आलंय ते सांग तिला. चोरासारखा घरात शिरलास. निदान नाव तरी सांग.”

“तुम्ही बोला ना, बापा...”

“पुढे तू आहेस.”

सिंहीण एक पाऊल पुढे आली.

“मी निळकंठ दडमल!” तो म्हणाला. “गाईड आहे. नऊ वर्षं झाली. मी सहा जणांचे प्राण...”

आवाज चिरकला, पोपटासारखा वर गेला. सिंहीण गुरगुरली आणि आणखी दोन पावलं आली.

“किंचाळू नकोस,” म्हातारा म्हणाला. “घरात बोलतोस तसं बोल.”

घरात बोलतोस तसं. निळकंठ घरात कसं बोलायचा? चंद्रपूरच्या आतल्या गावची ती बोली, गाईड झाल्यावर त्याने पाहुण्यांसमोर कधी काढली नव्हती. ती आता आपसूक तोंडात आली.

“माय...” तो म्हणाला. “मी पळालो वं माय.”

सिंहीण थांबली.

“बोल,” म्हातारा म्हणाला. “गप्प राहू नकोस.”

“मी कोणालेच वाचवलं नाही. खाली उतराची मनाई असते, तरी मी जीपमधून खाली उतरलो. पाहुण्यांले दाखवाले का मातीतला पाय कोणाचा हाये ते. हुशारी माराची होती मले. अन् ते वाघीण बांबूतून बाहेर आली. मी मागच्या जीपकडे पळालो. चाळीस पावलं. मागं वळूनबी पाह्यलं नाही.”

“हां.”

“आमची गाडी बंद पडली होती. आत सहा जण होते. एक म्हातारी होती, आपल्या आत्याएवढी. ते मले हाका मारत होती, दादा, दादा, म्हणून... मी आयकलं. तरी पळालो. वाघीण आपल्या मनानं निंगून गेली, म्हणून जगले सारे.”

त्याचा आवाज आता खाली बसला होता. सपाट, एकसुरी, विहिरीत दोर सोडावा तसा. डोळ्यांतून पाणी गळत होतं, त्याची त्याला शुद्ध नव्हती.

“मंग कोणीतरी म्हणे, ह्यानं वाघिणीले आपल्यामागं ओढलं, म्हणून पळाला. मी फक्त मान हालवली, माय. तेवढंच केलं. फक्त मान हालवली. त्या म्हातारीनं माह्या हाताची पापी घेतली... अन् मी घेऊ देल्ली.”

शेपूट हळूहळू खाली आलं. सिंहिणीने एकदा जाळीकडे बघितलं. तिथून छाव्यांचं कुईकुई चालू होतं. तिला ह्या माणसाच्या पापाशी काय देणंघेणं? एक प्राणी उभा आहे, हलत नाही, लपत नाही, एका सुरात काहीतरी बडबडतो आहे, एवढं तिला कळलं असावं. तेवढं तिला पुरलं. ती वळली, जाळीत शिरली, आणि थोड्या वेळाने ओढ्यापलीकडे गेलेली दिसली. मागे तीन छावे, शेवटचा लंगडत.

“आता मागे सरक,” म्हातारा म्हणाला. “पाठ फिरवू नको. आणि बोलत राहा.”

“आता काय बोलू?”

“संपलं का?”

“संपलं.”

“मग पाढे म्हण.”

बे एके बे म्हणत निळकंठ दडमल वळणापर्यंत मागे मागे आला. तो पाचोळ्यात बसला आणि लहान पोरासारखा हमसून रडला. बापाने बिडी पेटवली. ती संपल्यावर काखेतली काठी हातात घेतली.

परत येताना काठी पुन्हा दगडांवर वाजू लागली. ठक्. म्हातारा खाकरला. दहा पावलांवर निळकंठही खाकरला, जरा लाजतच.

झोपडीत राजलने दोघांच्या बशीत चहा ओतला. पाहुण्याचे डोळे बघून तिने त्याच्या बशीत साय जास्त घातली. आज तो भिंतीला टेकून बसला होता आणि अर्धा तास झाला तरी उठला नव्हता. बाहेर म्हशी निवांत रवंथ करत होत्या.

“बापा.”

“हं.”

“तुम्हाला ठाऊक होतं का, ती तिथे आहे ते?”

“ती कुठे आहे ते मला कधीच ठाऊक नसतं. म्हणून तर खोकतो.”

निळकंठने चहाचा घोट घेतला.

“बापा, मी आज पळालो नाही.”

“नाही.”

“का नाही पळालो?”

“मला काय विचारतोस? पाय तुझे.”

निळकंठने बशी खाली ठेवली.

“सोमवारी पुण्याची माणसं येणार,” निळकंठ म्हणाला. “लेकरं आहेत बरोबर. त्यांनी पेपर वाचलाय. त्या म्हातारीचा दर आठवड्याला फोन येतो. गावाने वेशीवर माझ्या फोटोचा फलक लावलाय, एवढा मोठा. सगळे तोंडात शेण घालतील माझ्या. लायसन्सही जाईल कदाचित...” त्याचा आवाज परत चढायला लागला होता. तो थांबला, खाकरला. “त्यांना मी काय सांगू, बापा?”

मेरामणबापाने बशी पालथी केली, हाताने तोंड पुसलं.

“तिला सांगितलंस तेच. तिच्याहून मोठे दात आहेत का रे तुझ्या गावात कुणाचे?”